पोटाचे आरोग्य आणि पाड्यावरचे अन्न



रक्तक्षयावरचा पाठ वाचून काही कार्यकर्त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "लोहाच्या गोळ्या नियमित देतो, डाळ-भाजी खायला सांगतो, तरी काही मुलांचे रक्त आणि वजन वाढत का नाही?" प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे एक मोठे उत्तर आतड्यात आहे. अन्न तोंडात गेले म्हणजे अंगी लागले असे नाही. ते आतड्याने घ्यावे लागते, आणि दुखावलेले आतडे ते घेत नाही.

म्हणून या अंकाचा पाठ आतड्याविषयी आहे. पाड्यावरच्या आरोग्यसेविका, वसतिगृहाचे अधीक्षक, तिथे स्वयंपाक करणाऱ्या मावशी आणि शहरातून मदत पाठवणारे स्नेही, या सर्वांसाठी तो लिहीत आहे. मी जव्हार-मोखाड्याच्या भागात परिचारिका म्हणून काम करते, त्यामुळे उदाहरणे इथली आहेत. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीच्या वाचकांनी नावे बदलून घ्यावीत.

सांगायचे थोडक्यात एवढेच आहे: आतड्याला जे अन्न हवे ते बहुतेक पाड्यावर आहे किंवा कालपरवापर्यंत होते. आपली मदत त्या अन्नाच्या पाठीशी उभी राहिली पाहिजे, त्याच्या जागी येऊन बसता कामा नये.

१. आतडे काय करते?

मोठ्या माणसाचे लहान आतडे साधारण सहा मीटर लांब असते. त्याच्या आतून मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नाचा रस ही लव शोषून घेते आणि रक्तात पाठवते. लवेमुळे आतड्याची शोषणारी जागा कितीतरी पटीने वाढते. लव झडली किंवा चपटी झाली की जागा कमी होते आणि चांगले अन्नसुद्धा पुढे निघून जाते.

या लवेचे अस्तर सतत झिजते आणि चार-पाच दिवसांत नवे येते. शरीरात इतक्या वेगाने बदलणारे भाग थोडेच आहेत. नवे अस्तर बनवायला प्रथिने, जस्त, अ जीवनसत्त्व आणि फोलेट लागते. ज्या मुलाला ही द्रव्ये मिळत नाहीत, त्याचे जुलाबाने झिजलेले अस्तर लवकर भरून येत नाही. मग पुढचा जुलाब लवकर होतो, वजन उतरते, वजन उतरले की अस्तर आणखी कच्चे राहते. कुपोषण आणि जुलाब हे असे एकमेकांचा हात धरून चालतात.

लहान आतड्यानंतर सुमारे दीड मीटरचे मोठे आतडे. त्यात अब्जावधी जीवाणू राहतात. 'जंतू' म्हटले की आपल्याला रोग आठवतो, पण यांतले बहुतेक आपले सोबती आहेत. ते काही जीवनसत्त्वे तयार करतात, रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत आणि शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला वळण लावतात. मात्र त्यांनाही रोज जेवण लागते. त्यांचे जेवण म्हणजे आपण ज्याला चोथा म्हणतो ते.

२. चोथा वाया जात नाही

धान्याचा कोंडा, कडधान्याची साल, भाजीचे देठ, कंदांतले तंतू हे आपल्या पाचकरसांना पचत नाहीत. पूर्वी डॉक्टरही त्यांना निरुपयोगी समजत. हा समज बदलण्यात डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाचा मोठा वाटा आहे. धर्मश्रद्ध वृत्तीचा हा डॉक्टर १९४६ साली युगांडात गेला आणि अनेक वर्षे कंपाला येथील मुलागो रुग्णालयात काम करत राहिला. भरड धान्य, कंद आणि शेंगा खाणाऱ्या खेडुतांना बद्धकोष्ठ, मूळव्याध आणि मोठ्या आतड्याचे आजार फार कमी होतात आणि त्यांचा मल मऊ व भरपूर असतो, असे त्याच्या लक्षात आले. १९७०च्या दशकात त्याने जगभर हे सांगितले: पिठातून कोंडा चाळून टाकू नका. गरिबाच्या थाळीतून श्रीमंत देशांनी शिकावे, असे सांगणारा तो डॉक्टर होता.

त्यानंतरच्या संशोधनाने त्यामागचे काम उलगडले. तंतू मोठ्या आतड्यात पोचले की तिथले जीवाणू ते आंबवतात. त्यातून काही सौम्य आम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरेट नावाचे आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन आहे. म्हणजे आपण चोथा खातो, जीवाणू त्यावर जगतात आणि बदल्यात आतड्याला इंधन देतात. जीवाणूंना तंतू मिळाले नाहीत तर ते आतड्यावरचा संरक्षक बुळबुळीत थरच खाऊ लागतात, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे.

किती तंतू हवेत? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला आणि दहा वर्षांवरील मुलाला दिवसाला किमान २५ ग्रॅम, सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला २१ ग्रॅम आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला १५ ग्रॅम. ही गोळ्यांतून द्यायची वस्तू नाही. भाकरी, उसळ, भाजी आणि एखादे फळ मिळून ते सहज होते.

३. पाड्यावर काय आहे?

नागली, म्हणजे नाचणी, पहिली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम नागलीत सुमारे ११ ग्रॅम तंतू आणि ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या, सडलेल्या तांदळात तंतू तीन ग्रॅमांहून कमी आणि कॅल्शियम दहा मिलिग्रॅमच्याही खाली. नागलीचा दाणा इतका बारीक की त्याची साल सहसा काढतच नाहीत, दळताना सगळे पिठात येते. "नागली खाल्ली की पोट धरून राहते," असे इथली म्हातारी माणसे सांगतात. त्याचे कारण हेच. तंतूंमुळे ती सावकाश पचते.

वरई दुसरी. शहरात ती उपवासाला खातात, इथे ती रोजचे अन्न आहे. गिरणीत फार पांढरी केलेली वरई मात्र तांदळाच्याच वाटेने जाते.

उडीद, तूर, कुळीथ, वाल ही कडधान्ये तिसरी. सालीसकट खाल्ली तर तंतू जास्त मिळतात. मोड आणली तर पोटात वायू कमी धरतो आणि त्यातले लोह व जस्त शरीराला अधिक मिळते. नागली आणि कडधान्य एकत्र आले की प्रथिनांची प्रतही सुधारते. बांधावरच्या खुरासणीचे तेल आणि चटणी जेवणाला ऊर्जा देते.

रानभाज्या चौथ्या. पहिल्या पावसानंतर शेवळे, कोळूची भाजी, टाकळा, कुरडू, भारंगी, पुढे करटोली, बांबूचे कोवळे कोंब, चाईचा मोहोर. यांतून तंतू मिळतात आणि हिरव्या पालेभाज्यांतून अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य व फोलेटही मिळते. म्हणजे जीवाणूंचे जेवण आणि अस्तराच्या दुरुस्तीचे सामान एकाच भाजीत. अनेक भाज्या रांधण्याची रीत ठरलेली आहे. शेवळ्याची खाज जावी म्हणून त्यात आंबट काकडे घालतात, बांबूचे कोंब उकळून पाणी टाकून देतात, कडू कंद राखेबरोबर शिजवून वाहत्या पाण्यात ठेवतात. ही रीत म्हणजे अंधश्रद्धा नव्हे. तिच्यामुळे विषारी किंवा बाधणारा अंश निघून जातो. म्हणून शहरातल्या वाचकांनी रानभाजी ओळखीच्या माणसाकडून घ्यावी आणि तो सांगेल तशीच शिजवावी.

पाचवे, सुकट, बोंबील, ओढ्याचे मासे, पावसातली चिंबोरी आणि घरच्या कोंबडीची अंडी. यांत तंतू नाहीत, पण अस्तराला लागणारी उत्तम प्रथिने, जस्त आणि ब-१२ जीवनसत्त्व आहे. नुसत्या भाजी-भाकरीवर वाढणाऱ्या मुलाच्या ताटात मूठभर सुकट आली तर मोठा फरक पडतो.

४. आंबील आणि ताक

आंबट अन्न पोटाला बरे, हे गावोगावी पूर्वीपासून ठाऊक आहे. तत्कालीन रशियन साम्राज्यात जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले इल्या मेचनिकॉव्ह यांना १९०८ साली रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. दह्यातले जीवाणू आतड्यातल्या घातक जंतूंना आवरतात, असे त्यांचे मत होते. त्यांच्या सगळ्याच अपेक्षा खऱ्या ठरल्या नाहीत, पण आतड्यातल्या जीवाणूंचा अभ्यास त्यामुळे पुढे गेला.

आपल्याकडची आंबील घ्या. नागलीचे पीठ रात्री मडक्यात पाण्यात कालवून झाकून ठेवतात. सकाळपर्यंत ते आंबते. मग उकळत्या पाण्यात तांदळाच्या कण्या शिजवून त्यात हे पीठ सोडतात, मीठ घालतात आणि ढवळत शिजवतात. आंबवल्याने दोन गोष्टी होतात. एक, नागलीत फायटेट नावाचे द्रव्य असते, ते लोह, जस्त आणि कॅल्शियम धरून ठेवते. आंबताना ते कमी होते आणि ही खनिजे शरीराला मिळतात. दोन, पीठ आम्ल झाल्याने बरेचसे रोगजंतू त्यात वाढू शकत नाहीत.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आंबील शिजवली की आंबवणारे जीवाणू मरतात. फायदा उरतो तो आंबवण्यातून झालेल्या बदलाचा. जिवंत जीवाणू हवे असतील तर आंबील कोमट झाल्यावर तिच्यात ताजे ताक घालावे. ज्या घरी गाय-म्हैस नाही, तिथे नुसती आंबीलही उत्तम.

आणि एक सावधगिरी. आंबवलेले आणि नासलेले यांत फरक आहे. आंबिलीचा वास स्वच्छ आंबट असतो. बुरशी, तार किंवा घाण वास आला तर ती टाकून द्यावी. रात्रीचा भात उघड्यावर राहिला आणि सकाळी मुलांना तसाच दिला तर त्यातल्या जंतूंच्या विषाने उलट्या होऊ शकतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून लहान मुलांना पेज, भात, खिमट नेहमी ताजे द्यावे.

मोहाविषयीही एक वाक्य. वाळवलेली मोहफुले भाजून, शिजवून, भाकरीत घालून खाल्ली तर ते अन्न आहे. त्यांचीच दारू मात्र आतड्याचे अस्तर दुखावते आणि फोलेट व ब-१ जीवनसत्त्वाचे शोषण कमी करते. एकाच फुलाच्या या दोन वाटा सभेत सांगितल्या तर लोकांना त्या पटतात.

५. थाळी कशी बदलली?

रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतो. त्याने उपासमार टळते आणि त्याचे मोल कमी लेखू नये. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात झालेले बालमृत्यू ज्यांना आठवतात त्यांना घरात धान्य असण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. पण घरात तांदूळ आयता आला की डोंगरउतारावरची नागली लावायला, तिची आवणी-निंदणी करायला हात कमी पडतात. नागलीचे क्षेत्र आटते आणि भात तिन्ही वेळेला येतो.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. तिथे रान नाही, बांध नाही, मडके नाही. भात, मिरची, कधी बटाटा, कधी सुकट आणि दिवसातून अनेकदा कोरा चहा. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह शोषू देत नाही, हेही लक्षात ठेवावे. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर हवे.

तिसरा बदल सर्वांत लहान दिसतो आणि मला सर्वांत जास्त बोचतो. पाच रुपयांची पुडी. मैदा, तेल, मीठ आणि रंग. आई मजुरीला जाताना मूल रडते, ती पुडी हातात देते, मूल गप्प होते. ते पोट तेवढ्यापुरते भरते आणि दुपारी भाकरी नको म्हणते. आईला दोष देऊ नये. तिला दिवसभर टिकेल, मूल स्वतः खाईल आणि तिखटामिठाची चव असेल असा दुसरा पदार्थ हवा आहे. भाजलेले शेंगदाणे चुरून गुळाबरोबर, नागलीच्या पिठाची तेल लावलेली जाड पानगी, उकडलेले रताळे, उकडलेले अंडे, केळे हे ते पदार्थ आहेत. अख्खा शेंगदाणा चार वर्षांखालील मुलाला देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.

याहून मोठी हानी शरमेची आहे. वसतिगृहात नवीन आलेली मुले नागलीची काळी भाकरी लपवतात. ते गरिबाचे अन्न, असे त्यांना कुणीतरी शिकवलेले असते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. शहरात नाचणीची बिस्किटे महाग विकली जातात. हे मुलांना वर्गात सांगा. ज्या अन्नाची शरम वाटते ते अन्न घरातून नाहीसे व्हायला एक पिढी पुरते.

६. बाळाचे आतडे

बाळासाठी पहिले आणि सर्वांत चांगले अन्न आईचे दूध. त्यात काही खास शर्करा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जीवाणूंसाठी. एका घोटात बाळ आणि त्याचे सोबती दोघेही जेवतात. जन्मानंतरचा पहिला पिवळा चीक संरक्षक द्रव्यांनी भरलेला असतो, तो पिळून टाकू नये. पहिले सहा महिने पाणी, मध, घुटी काहीही नको.

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करावे आणि दूध दोन वर्षे व पुढेही चालू ठेवावे. इथे एक भेद महत्त्वाचा आहे. मोठ्यांसाठी जो तंतू चांगला, तोच लहान बाळाचे इवलेसे पोट भरून टाकतो आणि ऊर्जा कमी पडते. त्यावर उपाय मोड आलेल्या नागलीचा. नागली रात्रभर भिजवून, कापडात बांधून मोड आणावेत, वाळवावी, मंद भाजावी आणि दळावी. मोड आणताना दाण्यात अमायलेज तयार होते. ते पिष्टाला सैल करते, त्यामुळे जास्त पीठ घालूनही खीर पातळ राहते आणि बाळाला ती गिळता येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राध्यापक तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तंत्रावर बरेच काम केले. खिरीत चमचाभर तेल किंवा तूप आणि शिजवलेली डाळ घोटून घालावी. त्याशिवाय नुसती पातळ पेज म्हणजे बाळासाठी पाणीच.

७. अन्न चांगले, पाणी घाण

आता या पाठातला अवघड भाग. वरचे सगळे अन्न मिळूनही काही मुले वाढत नाहीत. मल मिसळलेले पाणी, माती आणि हात यांतून जंतू रोज थोडे थोडे पोटात जात राहिले, तर उघड जुलाब न होताही लहान आतड्याची लव चपटी होते आणि अस्तराला सूज राहते. सूज असली की लोह शोषण्याची क्रिया शरीर स्वतःच कमी करते. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. गोळी बरोबर आहे, भाजी बरोबर आहे, पण ती घेणारे आतडे सुजलेले आहे.

म्हणून पोटाच्या अन्नाची यादी साबणाशिवाय पुरी होत नाही. शौचाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवावेत. बाळाची शी निरुपद्रवी समजून अंगणात टाकतात, तीसुद्धा पुरावी किंवा शौचालयात टाकावी. पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळावे. पाणी काढायला दांड्याचा ओगराळा वापरावा, हात बुडवू नये. रांगत्या मुलाला कोंबड्यांच्या विष्ठेपासून दूर ठेवायला अंगणाचा एक कोपरा आडवा बांबू लावून वेगळा केला तरी पुरे.

जंतांसाठी १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी आणि ऑगस्टमधल्या फेरीत शाळा व अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, दोन वर्षांपुढे एक. वसतिगृहातले एकही मूल सुटू देऊ नका. रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असते, ती चुकवू नये.

आणि अँटिबायोटिकविषयी. साध्या पातळ जुलाबांना त्यांचा उपयोग नसतो, कारण त्यांतले बरेच विषाणूंमुळे होतात. ही औषधे वाईटाबरोबर चांगले जीवाणूही मारतात. रक्त पडत असेल किंवा डॉक्टरांनी तपासून लिहून दिले तरच ती घ्यावीत.

८. जुलाब झाले तर

आषाढ-श्रावणात हा भाग भिंतीवर लावावा.

पहिल्या जुलाबापासून ओआरएस द्यावे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी नातेवाइकांच्या हाती दिले आणि असंख्य जीव वाचवले. साखर आणि मीठ एकत्र असले की आतडे जुलाबातही पाणी ओढून घेते, हे त्यामागचे शास्त्र. म्हणून शुद्धीवर असलेल्या, पिऊ शकणाऱ्या मुलासाठी सलाईनचा हट्ट धरू नये. पुडी पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवावी, मोठी पुडी एक लिटरला. अर्धी पुडी अंदाजाने करू नये. चमच्याने सावकाश पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे.

जस्ताची गोळी १४ दिवस द्यावी. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पुरे करावेत, कारण अस्तर अजून भरून येत असते.

अन्न बंद करू नये. "पोटाला आराम द्या" हा सल्ला घराघरात आहे आणि तो मुलाला कुपोषणाकडे ढकलतो. आईचे दूध चालू ठेवावे. मऊ भात, वरण, खिचडी, ताक, केळे, थोडे थोडे आणि वारंवार द्यावे. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यावे.

मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, लघवी थांबली, पिता येईना, सारखी उलटी होऊ लागली किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. १०८ला फोन करावा आणि वाटेत ओआरएस पाजत राहावे. गावातल्या भगताशी आपले चांगले बोलणे असावे. घरचे आधी त्याच्याकडे गेले तर त्याच्याही घरात ओआरएसच्या पुड्या असाव्यात, म्हणजे वेळ वाया जात नाही.

९. वसतिगृहासाठी आणि स्नेह्यांसाठी

वसतिगृहात आठवड्यातून निदान तीन दिवस नागलीची भाकरी, एक दिवस आंबील, चार दिवस मोडाची किंवा सालीच्या कडधान्याची उसळ, रोज एक भाजी आणि मिळेल ते स्थानिक फळ, पेरू, केळे, बोरे, जांभळे, असा बेत ठेवावा. ज्या मुलांना तंतूंची सवय नाही त्यांना हे हळूहळू वाढवावे आणि पाणी भरपूर प्यायला लावावे, नाहीतर पोट फुगते आणि मुले भाकरीला नावे ठेवतात. नागली पाड्यावरच्या शेतकऱ्यांकडूनच घ्यावी. मुलांचे आतडे आणि त्यांच्या आईबापांचे शेत दोन्ही त्यात जगते.

शहरातल्या स्नेह्यांना एक नम्र विनंती आहे. आपण वाढदिवसाला, सणाला बिस्किटांचे खोके आणि चिवड्या-वेफर्सच्या पुड्या पाठवता. त्यामागचे प्रेम आम्ही जाणतो आणि मुलांचे फुललेले चेहरेही पाहतो. तरीही पुढच्या वेळी त्या पैशांत शेंगदाणे, गूळ, खजूर, कडधान्ये, तेल, सुकट किंवा साबण पाठवा. नागलीच्या बियाण्यासाठी, घरघंटीसाठी किंवा पाण्याच्या झाकणाच्या पिंपासाठी दिलेली देणगी तर वर्षानुवर्षे काम करते. पाड्यावर आलात तर मुलांबरोबर बसून नागलीची भाकरी खा. पाहुणा जे आवडीने खातो त्याची मुलांना शरम वाटत नाही.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या पाड्यावर आजीच्या लहानपणी कोणती धान्ये पिकत? आज त्यांतली किती उरली?
२. एका मुलाने काल दिवसभरात काय खाल्ले ते लिहा. त्यात तंतू कशातून आले? अस्तराच्या दुरुस्तीचे सामान कशातून आले?
३. आंबवलेले आणि नासलेले अन्न कसे ओळखाल?
४. जुलाब झालेल्या मुलाचे अन्न का बंद करू नये?
५. आपल्या भागातल्या पाच रानभाज्या, त्यांचा हंगाम आणि रांधण्याची रीत जाणत्या बायांकडून लिहून घ्या आणि मला पाठवा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे आली की त्यांची वही करून प्रत्येक वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ठेवायची आहे. सांगणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव, तिची परवानगी घेऊन, तिच्या भाजीखाली लिहावे. पावसाळा तोंडावर आहे. ओआरएस आणि जस्ताच्या गोळ्यांचा साठा या आठवड्यातच मोजून घ्यावा.